मुखपृष्ठाची व्हायवा

गेल्या वर्षी आमच्या म्युझिक क्लबने एक अंक काढला. बारा जणांनी प्रत्येकी २०० रुपये काढून १०० प्रती छापल्या. किंमत ३० रुपये. गॅदरिंगच्या तीन दिवसांत खपल्या फक्त १७! उरलेला गठ्ठा माझ्या कॉटखाली. आतला मजकूर खरंच चांगला होता हो, पण मुखपृष्ठ माझं होतं, त्यामुळे सगळी बोटं माझ्याकडे! मग ठरवलं, याचं फेल्युअर ॲनालिसिस करायचंच. ब्रिटन-अमेरिकेत संगीताची नियतकालिकं दुकानाच्या रॅकवरून गिऱ्हाईक कसं ओढायची, ते शोधलं. त्यातून जे शिकलो ते असं...

१) आधी रॅक, मग चित्र

तिथल्या दुकानांत अंक पायऱ्यांसारख्या रॅकवर दाटीवाटीने लावतात. एकामागे दुसरा झाकला जातो. दिसते ती बरेचदा वरची नाहीतर डावी पट्टी. म्हणजे डिझायनरच्या हातात पूर्ण पान नसतंच! म्हणून नाव वर आणि महत्त्वाच्या ओळी डावीकडे.

१९८६ साली ब्रिटनमध्ये 'क्यू' मासिक निघालं. रेकॉर्ड वाजवायला सज्ज करणं, या अर्थाचा तीन अक्षरी इंग्रजी शब्द आधी ठरला होता. पण स्नूकरच्या काठीलाही तोच शब्द! लोकांना हे स्नूकरचं मासिक वाटू नये, शिवाय एकच अक्षर रॅकवर ठळक दिसेल, म्हणून त्याच उच्चाराचं नुसतं एक अक्षर ठेवलं. लाल चौकोनात पांढरा क्यू. लांबून ओळखा!

आणि आमचं नाव? खाली उजव्या कोपऱ्यात, नाजूक कॅलिग्राफीत. टेबलावर प्रती एकावर एक सरकवून मांडल्या की नाव गायब!

२) डोळ्याला डोळा

कव्हरवरचा गायक बहुधा थेट कॅमेऱ्यात बघत असतो. रॅकजवळून जाणाऱ्याला वाटतं, हा आपल्याकडेच बघतोय. पाय थबकतो. पण चेहरा ओळखीचा हवा. इथेच संपादकाची गोची होते. जुना स्टार खपतो, मग नव्या पोरांना कव्हर कधी मिळणार? आम्ही तर चेहराच टाळला. गिटारच्या तारांचा धूसर फोटो... मला तो लय भारी वाटला होता!

३) उत्सुकता

ऑगस्ट १९९५ मध्ये 'ब्लर' आणि 'ऑॲसिस' या दोन ब्रिटिश बँडची गाणी एकाच दिवशी बाजारात येणार होती. 'एनएमई' साप्ताहिकाने कव्हर केलं थेट बॉक्सिंगच्या पोस्टरसारखं! दोन चेहरे समोरासमोर. कोण जिंकणार? बस्स, गिऱ्हाईकाच्या डोक्यात प्रश्न पेरला की काम झालं. (विक्रीत ब्लर जिंकला, बरं का!)

४) आणि नियम मोडणारा

अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन'चा २२ जानेवारी १९८१ चा अंक. ॲनी लीबोविट्झने काढलेला फोटो : निर्वस्त्र जॉन लेनन योको ओनोला बिलगलेला. नाव सोडलं तर मथळा नाहीच! फोटो काढला ८ डिसेंबर १९८० ला; त्याच रात्री लेननचा खून झाला. बातमी जगाला आधीच माहीत होती, मग शब्द कशाला? २००५ मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिक संपादकांच्या संघटनेने आधीच्या ४० वर्षांतलं सर्वोत्तम मुखपृष्ठ म्हणून याचीच निवड केली. पण मंडळी, नियम मोडायचा तर तेवढं कारण हवं. आमच्याकडे ते नव्हतं.

अर्थात कव्हर म्हणजे जादू नाही. वाचक इंटरनेटकडे वळले तेव्हा चांगली कव्हरंही कमी पडली. 'एनएमई'चं छापील साप्ताहिक २०१८ मध्ये आणि छापील 'क्यू' २०२० मध्ये बंद पडलं.

आता आमच्या ८३ प्रतींचं काय? टेकफेस्टला प्रत्येक प्रतीवर पिवळ्या कागदाची पट्टी चिकटवली. वर डावीकडे ठळक नाव आणि खाली प्रश्न : 'कॉलेजचा बेस्ट ड्रमर कोण?' दोन दिवसांत ४१ प्रती गेल्या! मी खुशीत. तेवढ्यात फर्स्ट इयरचा एक मुलगा अंक घेऊन परत आला. म्हणाला, "दादा, ड्रमरवर आत अर्धंच पान आहे."

मी गुपचूप ३० रुपये परत केले. कव्हरने हाक मारायची, पण दिलेला शब्द पाळायचा तो आतल्या पानांनीच. पुढच्या अंकात त्या ड्रमरची पूर्ण चार पानं मुलाखत आहे. आणि हो, नाव या वेळी वर डावीकडे!