तालांतील खाली

औसा येथील नाथसंस्थानाचें चक्रीभजन आपल्या वाचकांस परिचित आहे. त्यांत कंठ, टाळ आणि पाऊल हीं तिन्ही एकाच लयीस बांधलेलीं असतात. हेंच लयीचें बंधन एका यांत्रिक खेळांतही दिसून येतें. सन २००७ मध्यें जपानांत ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ या हातांत धरून खेळावयाच्या यंत्रासाठीं ‘पाटापॉन’ नांवाचा खेळ निघाला. त्यांत पाटा, पॉन, डॉन, चाका असे ढोलाचे चार बोल असून प्रत्येकास एक कळ नेमिली आहे. ‘पाटा-पाटा-पाटा-पॉन’ असें चार मात्रांत वाजविलें म्हणजे चिमुकली सेना पुढें चालूं लागते. नंतरच्या चार मात्रा सेना गाते. तेवढा वेळ खेळणारानें कळ दाबावयाची नसते. उतावळेपणानें दाबल्यास जमलेली लय मोडते.

आपला केरवाही आठ मात्रांचाच आहे. तो हातानें मोजतांना पहिल्या मात्रेस टाळी द्यावी व पांचवीस हात मोकळा सोडावा. हीच खाली होय. टाळी वाजली नाहीं तरी मात्रा मोजलीच पाहिजे. यावरून ध्यानीं येईल कीं, थांबणें हेंही तालाचेंच अंग आहे. बालमित्रहो, केवळ बोटांच्या चपळाईनें ताल येत नाहीं. दुसऱ्याची पाळी मोजीत जो स्वस्थ राहूं शकतो, त्यासच तो साधतो.