सामानाची चिठ्ठी

चंद्रपूर-गडचिरोलीकडून परदेशीं शिकावयास जाणाऱ्यास बहुधा प्रथम नागपूरचा विमानतळ गांठावा लागतो. तेथें मोठी पेटी विमान कंपनीच्या स्वाधीन केली म्हणजे तिला कागदी पट्टी लावतात व क्रमांक असलेली लहान चिठ्ठी प्रवाशास देतात. पट्टीवर मुक्कामाच्या विमानतळाचीं तीन अक्षरें असतात, नागपूरचीं ‘एन्. ए. जी.’ पेटी जाण्यापूर्वींच तीं वाचून पाहावीं. पैसे, औषधें व प्रमाणपत्रें मात्र हातांतील पिशवींतच असावीं.

उतरल्यावर पेटी न मिळाल्यास विमानतळ सोडण्यापूर्वींच कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी व तिची प्रत घ्यावी. परदेशच्या विमानप्रवासासंबंधीं १९९९ सालीं माँट्रियल येथें एक करार झाला. भारत त्यांत २००९ सालीं सामील झाला. त्याप्रमाणें मोडलेल्या पेटीची तक्रार ती मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आंत व उशिरा आलेलीची २१ दिवसांच्या आंत लेखी करावी लागते. ठरल्या दिवसानंतर २१ दिवसांतही पेटी न आल्यास भरपाई मागतां येते. दाव्याची मुदत २ वर्षें आहे.

आपलीं भिडस्त माणसें फुटलेली पेटी पाहूनही ‘जाऊं द्या’ म्हणून घरची वाट धरतात. परंतु तक्रारीवांचून घेतलेली पेटी सुस्थितींत मिळाली, असेंच हा करार प्रथमदर्शनीं मानतो. म्हणून ती चिठ्ठी जपून ठेवावी. तारीख, तिकिटाचा व चिठ्ठीचा क्रमांक आणि झालेलें नुकसान सभ्य भाषेंत लिहावें. वर्गांत शिकलेलें अर्जलेखन अशा वेळीं आपल्या वडीलधाऱ्यांच्याही उपयोगीं पडेल.