मातीतील बहुपाद : गोम आणि वाणी

वाराणसीत पंचगंगाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या मध्ये दुर्गाघाट आहे. या परिसरात अठराव्या शतकापासून मराठी कुटुंबांची वस्ती आहे. घाटाच्या पायऱ्या चुनारच्या वालुकाश्माच्या, गल्ल्या फरसबंद आणि घरे एकमेकांना खेटून उभी. त्यामुळे बाग म्हणावी अशी जमीन येथे जवळजवळ नाहीच. चौकातील तुळशीवृंदावन, गच्चीवरील कुंड्या आणि भिंतीकडेचा एखादा हातभर वाफा, एवढीच काय ती माती. परंतु मातीतील जीवसृष्टीला फार मोठी जागा लागत नाही. श्रावणात कुंडी जरा बाजूला सरकवावी, तोच तिच्या बुडाखालून एखादी तांबूस गोम सळकन निघून जाते. शेजारचा काळसर, वाटोळ्या अंगाचा किडा मात्र पळत नाही; तो जागच्या जागी वेटोळे करून पडतो. पहिल्या प्राण्याचा शेवट बहुधा चपलेखाली होतो आणि दुसरा केरसुणीने गटारात लोटला जातो.

हा दुसरा प्राणी म्हणजे वाणी. नाण्यासारखे वेटोळे करतो म्हणून काही ठिकाणी मुले त्याला पैसा असेही म्हणतात. गोमेला काशीच्या बोलीत गोजर हे नाव आहे. शास्त्रीय परिभाषेत गोम ही शतपाद व वाणी हा सहस्रपाद होय. ही दोन्ही नावे मोजणीच्या कसोटीला उतरत नाहीत. गोमेच्या धडाच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते, आणि प्रौढ गोमेतील जोड्यांची संख्या विषम असते. घरादारांत आढळणाऱ्या मोठ्या गोमेला, म्हणजे घोणीला, बहुधा २१ जोड्या असतात. म्हणजे पाय भरतात ४२. वाण्याच्या बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या असतात, तरीही त्याचे पाय सामान्यतः काही शेकड्यांच्या आतच राहतात. हजारांहून अधिक पाय असलेला पहिला वाणी पश्चिम ऑस्ट्रेलियात जमिनीच्या पोटात सुमारे ६० मीटर खोलीवर सापडला. त्याचे वर्णन २०२१ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याला १,३०६ पाय होते. सहस्रपाद हे नाव तोपर्यंत अतिशयोक्तीच होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

दोघांच्या चालीतला फरक त्यांच्या आहारातून आलेला आहे. गोम शिकारी आहे. तिच्या धडाच्या पहिल्या खंडावरील पायांचे रूपांतर विषारी नख्यांत झालेले असते. या नख्यांनी ती झुरळे, वाळवी, अळ्या आणि लहान कोळी पकडते. गांडुळेही तिच्या तावडीतून सुटत नाहीत. म्हणून तिला सरसकट ‘माळ्याचा मित्र’ म्हणणे बरोबर नाही. मात्र मातीत कोणत्याही एकाच प्राण्याची संख्या बेसुमार वाढू न देण्यात तिचा वाटा असतो. तिच्या कातडीवर पाणी धरून ठेवणारा मेणासारखा थर नीटसा नसल्यामुळे कोरड्या हवेत तिचे शरीर लवकर सुकते. दिवसा ती कुंडीखाली, विटांच्या फटीत किंवा पाचोळ्यात लपते, याचे कारण हेच. या क्रूर समजल्या जाणाऱ्या प्राण्याच्या काही जातींत मादी अंड्यांभोवती अंगाचे वेटोळे करून ती राखते आणि पिल्ले बाहेर आल्यावरही काही काळ त्यांना सोडत नाही.

वाण्याला शिकार करावयाची नसते. त्याचे अन्न त्याच्या पायाखालीच असते : कुजू लागलेली पाने, लाकडाचा भुसा, मेलेली मुळे. खाल्लेल्या अन्नाचा थोडाच भाग त्याच्या अंगी लागतो. उरलेला बारीक गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. हा अपचनाचा दोष वाटेल. परंतु जमिनीच्या दृष्टीने खरे काम येथेच होते. अखंड पानाच्या तुलनेत त्याच्या चुऱ्याचा पृष्ठभाग कितीतरी अधिक असतो. त्यावर जीवाणू आणि बुरशी झपाट्याने वाढतात आणि पानात अडकून पडलेली द्रव्ये पुन्हा झाडांच्या मुळांना मिळू लागतात. पश्चिम घाटात गोळीसारखे गुंडाळणारे मोठे वाणी आढळतात. त्यांच्याकडून बागायतीतील पाचोळ्याचे खत करून घेण्याचे प्रयोग मंगळूर विद्यापीठातील अभ्यासकांनी केले, व त्यांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले.

दुर्गाघाटासारख्या ठिकाणी या गोष्टीला निराळे महत्त्व आहे. देवपूजेतील झेंडूच्या माळा, बेलाची पाने आणि तुळशीच्या मंजिऱ्या यांचे निर्माल्य गंगेत सोडण्याची रीत जुनी आहे. तेच निर्माल्य दोरा काढून टाकून एका जुन्या कुंडीत मातीबरोबर थरांनी घातले आणि ओलसर ठेवले, तर त्याची माती होते. आणि हे काम करणारे मजूर कुंडीच्या बुडाशी आधीच हजर असतात. पुरानंतर घाटावर साचणारा बारीक गाळ नुसताच कुंडीत भरला तर वाळल्यावर घट्ट बसतो. त्यात असे पानांचे खत मिसळले म्हणजे तो भुसभुशीत राहतो.

वाण्याकडून उपद्रव होतच नाही असे नाही. पाचोळा संपला किंवा पाण्याची ओढ लागली की तो कोवळी रोपे व जमिनीला टेकलेली फळे कुरतडतो. अतिवृष्टीत माती पाण्याने भरली म्हणजे तो भिंतीवर चढतो आणि घरात शिरतो. अशा वेळी त्याला सुपलीत घेऊन कुंडीत टाकणे पुरेसे आहे. उघड्या हातांनी मात्र धरू नये : त्याच्या अंगावरील ग्रंथींतून निघणाऱ्या रसाने कातडीवर डाग पडतात आणि डोळ्यांची आग होते. पूर्वी अशा प्रसंगी बी.एच.सी.ची भुकटी सर्रास टाकली जाई. तिच्यावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. कीटकनाशकाला शत्रू-मित्र ओळखता येत नाहीत, आणि भुकटी टाकलेल्या कुंडीत पाने महिनोन् महिने तशीच पडून राहू शकतात.

गोमेविषयीची भीती निराधार नाही. घोणीच्या दंशाने तीव्र वेदना होतात व सूज येते. जागा साबणाने धुवावी आणि सोसेल इतक्या कोमट पाण्याने शेकावी. लहान मूल असेल, श्वास लागत असेल किंवा सूज पसरत असेल, तर वैद्यकीय मदत घेण्यास विलंब करू नये. प्रौढ माणसाच्या जिवाला सहसा धोका नसतो. हिंदीतील कनखजूरा या नावात कानाचा उल्लेख आहे. परंतु माणसाचा कान शोधीत फिरण्याची गोमेला सवय नाही. रात्री जमिनीवर निजणाऱ्याच्या अंथरुणात ती येते ती ओलाव्याच्या आणि झुरळांच्या मागाने.

शाळेतील विद्यार्थ्यांना वाण्याचे काम प्रत्यक्ष पाहता येईल. दोन सारख्या कुंड्यांत सारखी माती भरावी आणि प्रत्येकीवर समान वजनाची वाळलेली पाने पसरावीत. एका कुंडीत आठ-दहा वाणी सोडून दोन्हींवर जाळी बांधावी, आणि दोन्हींना रोज सारखेच थोडे पाणी शिंपडावे. महिन्याने उरलेली पाने झटकून, वाळवून त्यांचे वजन करावे. वाण्यांच्या कुंडीतील मातीवर मोहरीहून बारीक काळ्या गोळ्या दिसतील. भिंगातून पाहिल्यास त्यांत पानांचे तुकडेही ओळखू येतात. पाहणी पुरी झाल्यावर वाणी जेथून आणले तेथेच सोडून द्यावेत.