खालूबाजाच्या आठवणी

महाड आणि पोलादपूर हे तालुके रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेला आहेत. एका बाजूला सह्याद्रीचे डोंगर. मधून सावित्री नदी वाहते. ती महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. नदीच्या काठी भाताची शेते आणि डोंगराच्या कुशीत लहान लहान वाड्या. शिमगा आला की या वाड्यांतून एक आवाज उठतो. तो कानी पडला की बसलेला माणूस उठून उभा राहतो. हा आवाज खालूबाजाचा.

खालूबाजा तुम्ही लहानपणापासून ऐकला असेल. त्याच्यापुढे लेझीम घेऊन नाचलाही असाल. पण तो वाजवणारे कोण होते? ते कसे शिकले? त्यांना काय मिळाले आणि काय सोसावे लागले? या धड्यात आपण ते पाहू.

बाज्यात काय काय असते

खालूबाजात मुख्य वाद्ये थोडीच असतात. सनई, ढोल आणि टिमकी. जोडीला कुठे झांज असते.

ढोल मोठा असतो. तो गळ्यात अडकवतात आणि काठीने वाजवतात. टिमकी लहान असते. ती दोन बारीक काड्यांनी वाजते. ढोलाचा आवाज भारी, टिमकीचा कडक. ढोल पाऊल उचलायला लावतो, टिमकी ते पाऊल पळवते.

सनई म्हणजे लाकडाची नळी. नळीला भोके असतात. वरच्या टोकाला पातीची जिभली बसवतात. खालच्या टोकाला पितळेचा कर्णा असतो. जिभली ओठांत धरून फुंकायचे आणि बोटांनी भोके झाकायची, उघडायची. त्यातून सूर निघतो.

ऐकायला हे सोपे वाटते. करू गेले तर दिवसभर फुंकूनही नुसती फुसफुस होते.

शिकणे कसे होई

खालचा संवाद नमुन्याचा आहे. पुतण्या नुकताच लिहायला शिकला आहे. तो आपल्या म्हाताऱ्या चुलत्याला विचारतो आहे. अशा गोष्टी जुन्या वाजंत्र्यांकडून ऐकायला मिळतात.

— तात्या, तुम्ही वाजवायला कधी लागलात?

— अरे, साल कुणी लिहून ठेवलंय? गुरं राखायच्या वयात होतो. आधी टिमकी हाती आली. पोराला आधी टिमकीच देतात.

— शिकवलं कुणी?

— बापानं. शिकवलं म्हणजे काय, शेजारी बसवलं. तोंडानं बोल म्हणायचे आणि हातानं वाजवायचे. चुकलं की पाठीत धपाटा. वही नाही, पाटी नाही. सगळं कानानं घ्यायचं.

— आणि सनई?

— सनई पुष्कळ उशिरा. आधी दम कमवावा लागतो. भांड्यात पाणी घ्यायचं, त्यात पोकळ काडी बुडवायची आणि फुंकायचं. बुडबुडा तुटला नाही पाहिजे.

— मग श्वास कधी घ्यायचा?

— तीच तर खुबी आहे! गालात वारा साठवायचा. गालातला वारा नळीत ढकलायचा आणि त्याच वेळी नाकानं श्वास ओढायचा. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस श्वासच घेत नाही.

पाहा, ही केवढी मोठी विद्या आहे. तात्यांना अक्षर येत नव्हते. पण त्यांना काही येत नव्हते असे कोण म्हणेल?

पायांखालची वाट

त्या काळी डोंगरातल्या वाड्यांना मोटारीचा रस्ता नव्हता. जिल्ह्याचे नावही तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. वाजंत्री ढोल पाठीवर घेऊन पायी निघत. चढण चढत, ओढे ओलांडत. लग्न एका वाडीत, वरात दुसऱ्या वाडीत. रात्री मशाल नाहीतर गॅसबत्ती.

तुळशीचे लग्न झाले की काम सुरू होई. ते मृगाच्या पावसापर्यंत चाले. मध्ये महाशिवरात्र येई. महाशिवरात्रीला धरून महाडला विरेश्वराचा छबिना भरतो. आजूबाजूच्या गावांतून देवांच्या पालख्या आणि उंच सासनकाठ्या येतात. प्रत्येक गावाचा बाजा वेगळा. मग कुणाचा ढोल अधिक घुमतो याची चुरस लागते. पुढे फाल्गुनात शिमगा. पालखी घरोघर फिरते आणि पालखीपुढे बाजा.

पावसात मात्र सगळे बंद. दमट हवेत कातडे सादळते आणि ढोल बसका बोलतो. मग तो विस्तवाच्या उबेला धरावा लागतो. पावसाळ्यात वाजंत्री चिखलात भात लावत. म्हणजे वाजवणे हा वर्षाचा धंदा नव्हता. शेती, मजुरी आणि जोडीला बाजा, असे त्यांचे आयुष्य होते. काहीजण पोटासाठी मुंबईला गिरणीत जात. शिमग्याला रजा काढून गावी येत आणि पुन्हा ढोल गळ्यात अडकवत.

मान थोडा, अपमान फार

आठवणी ऐकताना गोडच तेवढे ऐकू नये. कडूही ऐकावे.

कोकणात पुष्कळ गावांत बाजा वाजवण्याचे काम महार समाजाकडे होते. ते गावकीचे काम समजले जाई. आवडो वा न आवडो, बोलावले की जावे लागे. पैसे ठरलेले नसत. भात, नारळ, जे हातावर पडेल ते घ्यायचे. लग्नात सनई वाजल्याशिवाय नवरदेव निघत नसे. पण पंगतीत वाजवणाऱ्याला पान नसे. तो दूर बसे. सगळ्यांचे झाले की उरलेले त्याच्यापुढे येई.

देवाचेही तसेच. पालखीपुढे त्याचा ढोल चाले. पण देवळाची पायरी चढण्याची त्याला मनाई होती. ढोलाचा आवाज गाभाऱ्यात जाई आणि ढोल वाजवणारा उन्हात उभा राही.

याला कला म्हणायचे की वेठ म्हणायचे? ज्याने सोसले त्याला विचारा.

महाडला काय घडले

१९२४ साली महाडच्या नगरपालिकेने ठराव केला. चवदार तळे सर्वांना खुले केले. पण ठराव कागदावर राहिला. अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना तिथे पाणी घेता येत नव्हते.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद भरली. १९ आणि २० मार्च हे तिचे दिवस. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. गावोगावचे लोक पायी आले. २० मार्चला बाबासाहेब तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. हजारो लोक त्यांच्यामागे प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले. डोकी फुटली. पण लोक मागे हटले नाहीत. पुढे खटला चालला. १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टाने तळ्यावरचा त्यांचा हक्क मान्य केला.

परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उरलेसुरले अन्न घेऊ नका, मुलांना शिकवा, स्वतःच्या पायावर उभे राहा. लोकांना ते पटले. पुढच्या वर्षांत पुष्कळांनी गावकीची कामे टाकली. बाजाही टाकला. १९५६ साली बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर आणखी कितीतरी घरांतले ढोल खुंटीला गेले ते कायमचे. १९५८ साली महारवतन रद्द करणारा कायदा झाला आणि जुने बंधन कायद्यानेही तुटले.

विचार करा. ज्या माणसाने वर्षानुवर्षे दम कमावला, त्याने सनई खाली ठेवली. त्याला सनईचा कंटाळा आला होता का? नाही. त्याला हुकमाने वाजवायचे नव्हते. मानासाठी त्याने आपल्या हातची कला सोडली. हे सोडणे सोपे नव्हते. म्हणून तीही मोठी आठवण आहे. ढोल वाजवणाऱ्याची आठवण जशी लिहावी, तशीच ढोल खाली ठेवणाऱ्याचीही लिहावी.

काहींनी दुसरी वाट धरली. त्यांनी गाणे सोडले नाही, गाण्याचा विषय बदलला. आंबेडकरी जलसे निघाले. ढोलकीच्या तालावर शिक्षणाची आणि हक्काची गाणी गावोगाव गेली. नाशिककडचे भीमराव कर्डक यांचा जलसा फार गाजला.

आजचा बाजा

आज खालूबाजा संपलेला नाही. निरनिराळ्या समाजांतली माणसे तो वाजवतात. आता आधी सुपारी ठरते. किती माणसे, किती वेळ, किती पैसे, हे अगोदर बोलले जाते. वाजवणे खुशीचे झाले आणि त्याला मोल आले. हे चांगले झाले.

पण दुसरी अडचण उभी राहिली. लग्नात बेंजो आला, डीजे आला. सनईला दम लागतो आणि तो कमवायला वर्षे लागतात. तेवढा धीर थोड्यांना असतो. ढोल वाजवणारे मिळतात, सनईवाला मिळत नाही. एक म्हातारा सनईवाला गेला की त्याच्याबरोबर कितीतरी चाली जातात.

ज्यांनी सांगून ठेवले

उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते मोठे सनईवादक. जन्म १९१६ चा, बिहारमधला. काशीला मामांच्या हाताखाली ते शिकले. गंगेच्या काठी बालाजीच्या देवळात लहानपणी केलेल्या सरावाच्या आठवणी ते म्हातारपणीही सांगत. दारात वाजणारी सनई त्यांनी मोठ्या मैफलीत नेली. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

आता आपल्या जवळचे उदाहरण. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर लागते. तिथून पाचगणी आणि मग पसरणीचा घाट उतरून वाई. त्या घाटाखाली पसरणी गाव आहे. शाहीर साबळे तिथले. जन्म १९२३ चा. लहानपणी त्यांना बासरीचे वेड होते. पुढे ते महाराष्ट्राचे शाहीर झाले. त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. पुस्तकाचे नाव ‘माझा पवाडा’. भीमराव कर्डकांनीही आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहिले. ते १९७८ साली निघाले.

ही माणसे गेली. पण त्यांचे बोलणे राहिले. तुमच्या वाडीतल्या ढोलवाल्याचे बोलणे कोण ठेवणार?

तुम्ही लिहा

तुम्हाला आता लिहिता येते. मग हे काम तुमचे.

एक वही घ्या. वाडीतल्या जुन्या वाजंत्र्याकडे जा. त्यांना घाई करू नका. चहा होऊ द्या. मग एकेक विचारा. वाद्य कुणाकडून शिकलात? पहिली बिदागी काय मिळाली? कुठल्या वाटेने जात होता? कुणी मान दिला? कुणी अपमान केला? कुठली चाल आता कुणाला येत नाही?

साल आठवत नसेल तर खूण विचारा. लग्नाच्या आधी की नंतर? वाडीत वीज आली तेव्हा की त्याच्या आधी? खुणेवरून साल काढता येते.

त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहा. सुधारून लिहू नका. जे सांगायला ते तयार नसतील ते खोदून विचारू नका. लिहून झाले की त्यांना वाचून दाखवा. चुकले असेल तर ते सांगतील. वहीच्या दोन प्रती करा आणि दोन घरांत ठेवा. २०२१ च्या जुलैत महाडला मोठा पूर आला. पुरात कागद टिकत नाही. एक प्रत उंचावरच्या घरात असू द्या.

तात्या कानाने शिकले. त्यांच्याजवळ होते ते त्यांनी हाताने आणि दमाने राखले. आपल्याजवळ अक्षर आहे. आपण अक्षराने राखू.

शब्दांचे अर्थ

गावकी – गावाने मिळून ठरवलेली कामे व कारभार
वेठ – मनाविरुद्ध, मोल न घेता करावे लागणारे काम
बिदागी – कलावंताला दिलेले मानाचे पैसे
सुपारी – वाजवण्याचे काम पक्के करणे
छबिना – देवाच्या पालखीची रात्रीची मिरवणूक
सादळणे – ओलाव्याने नरम पडणे

प्रश्न

१. सनई वाजवणारा श्वास कसा घेतो?
२. पावसाळ्यात ढोल विस्तवाजवळ का धरतात?
३. पुष्कळांनी बाजा वाजवणे का सोडले? तुम्हाला काय वाटते?
४. तुमच्या वाडीत पूर्वी कोण कोण वाजवत होते? घरच्या वडील माणसांना विचारा आणि पाच ओळी लिहा.