गंज, गालिचा आणि जुनी मोटार

रसायनशास्त्राच्या तासाला आपण तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग करितों. पहिलींत कोरडी हवा, दुसरींत उकळून गार केलेलें व वर तेलाचा थर दिलेलें पाणी, तिसरींत साधें पाणी. प्रत्येकींत एकेक खिळा. आठवड्यानंतर गंजतो तो तिसरींतला. गंजास प्राणवायु व पाणी हीं दोन्ही लागतात. मग तासगांवासारख्या कमी पावसाच्या मुलुखांत मोटारीचा पत्रा कां सडावा? हा प्रश्न मला एका जुन्या मारुती ८०० नें घातला.

या नमुन्याच्या मोटारी १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार झाल्या. आतां मिळतात त्या वापरलेल्याच. माझ्या मेहुण्यांनीं अशीच एक घेतली. रंग ताजा व चकचकीत होता; परंतु दाराच्या खालच्या कडेस बारीक फोड दिसले. गंज मूळ लोखंडापेक्षां पुष्कळ अधिक जागा व्यापितो, म्हणून रंगाखालीं तो फुगला कीं असे फोड येतात. मी लोहचुंबक फडक्यांत गुंडाळून तेथें लाविला, तो चिकटेना. सडलेल्या पत्र्याच्या जागीं लांबी भरून वर रंग दिलेला होता! लांबीनें खड्डा बुजतो, बळकटी येत नाहीं.

मग आंतला गालिचा उचलला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत कसर आणि गंज यांचीं नांवें जोडीनें येतात. येथेंहि वर अस्तराच्या चिंध्या व खालीं पत्र्याचे पापुद्रे अशी जोडी जमली होती. गालिच्याखालचें नमद्यासारखें अस्तर ओलें होतें. डिकींत निळसर हिरवे डाग पाहिले आणि उलगडा झाला. गाडी पूर्वीं एका द्राक्षबागाइताची होती. तींतून खतांचीं पोतीं व फवारणीचें मोरचूद नेलें जात असे. खतांतील क्षार हवेंतला ओलावा ओढून घेतात आणि गंजण्याची क्रिया जलद करितात. मोरचुदाच्या द्रावणांत खिळा बुडविला असतां त्यावर तांबें चढतें व त्या मोबदल्यांत लोखंड विरघळतें, हें आपण प्रयोगशाळेंत पाहिलेंच आहे. पाऊस कमी पडो. मोटारीनें आपला पावसाळा आंतच बाळगला होता.

दुरुस्तीस प्रारंभ आंतून केला. गाद्या, गालिचा व दारांच्या आंतल्या फळ्या प्रथम काढल्या. वेल्डिंगची ठिणगी गादींतील फोमवर पडली तर आग लागते. बॅटरीहि सोडविली. क्षार निघून जावेत म्हणून तळ भरपूर पाण्यानें धुऊन पूर्ण वाळविला. नंतर टोकदार हत्यारानें पत्रा टोचीत गेलों. जेथें तो आंत शिरला तेथें सडका भाग कापून नवा तुकडा जोडविला. आसनें व सुरक्षापट्टे जेथें आंवळलेले असतात तेथें मात्र जराहि हयगय केली नाहीं. आघाताच्या वेळीं माणसाचा भार तेथेंच येतो. जेथें केवळ वरवरचा गंज होता तेथें तारेच्या ब्रशानें व पॉलिशपेपरानें चकाकी येईतों घासून फॉस्फरिक आम्लाचा हात दिला, म्हणजे उरलेल्या गंजाचें लोहफॉस्फेट बनतें. त्यावर प्रायमर, मग रंग. पूर्वीं या कामीं शेंदूर वापरीत. तो शिशाचा असल्यानें विषारी, म्हणून आतां जस्तयुक्त प्रायमर बरा. दाराच्या पोकळींत मेणाचा फवारा मारिला.

दारांच्या आंतल्या फळ्या दाबलेल्या लांकडी भुशाच्या असतात. त्या पाण्यानें फुगून वाकल्या होत्या. कारण असें कीं कांचेच्या फटींतून पाणी दारांत शिरतेंच. त्यास अडविणारा प्लॅस्टिकचा पडदा फाटला होता, आणि दाराच्या तळाचीं भोकें मातीनें बुजलीं होतीं. तीं तारेनें मोकळीं केलीं, पडदा नवा चिकटविला, आणि फळ्या नव्या कापून कुशनवाल्याकडून त्यांवर रेक्झिन चढविलें. गाद्यांचें शिवणकामहि त्यानेंच केलें. तें सांगण्यासारखें विशेष नाहीं.

शेवटीं दारावर बादलीभर पाणी ओतून पाहिलें. खालच्या भोकांतून तें थेंब थेंब गळूं लागतांच मेहुणे ओरडले, "अहो मास्तर, अजून गळतें आहे!" आणि उरलेल्या लांबीचा गोळा घेऊन धांवले. तो मीं त्यांच्या हातून काढून घेतला.