डिस्क शाबूत, पण उघडेना

‘अननोन फाइलसिस्टम टाइप’ असं पडद्यावर आलं की माणूस आधी डिस्कला दोष देतो. दिंडोशी डेपोजवळच्या एका ओळखीच्या एडिटिंग स्टुडिओतही तेच झालं. डिसेंबर २०२५, ऐन लगीनसराई. चार डिस्कांच्या व्हॉल्यूमवर अजून द्यायच्या लग्नांचं फुटेज, मशीन उभं करून देणारा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेलेला, आणि रात्री अपडेट मारल्यावर सकाळी व्हॉल्यूम गायब. मी नागरी निवाऱ्यात राहतो. तिथून निघेपर्यंत मालकांनी डेटा रिकव्हरीवाल्याकडून भावही काढला होता. वाटेत फोनवर मी एवढंच सांगत राहिलो, की पडद्यावर काहीही विचारलं तरी ‘येस’ दाबू नका, आणि फॉरमॅटचं तर नावच काढू नका.

डिस्का ठणठणीत होत्या. त्यांच्यावरची फाइलसिस्टम होती बीकॅशेएफएस, आणि लिनक्सच्या नव्या ६.१८ कर्नलमध्ये ती उरलेलीच नव्हती. बूट मेनूत जुना ६.१७ शिल्लक होता. तो निवडला, व्हॉल्यूम उघडला, सगळं फुटेज दुसरीकडे उतरवून घेतलं. रिकव्हरीवाल्याला जाणारे पैसे वाचले.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडं मागचं. केंट ओव्हरस्ट्रीट यांनी स्वतःच्याच बीकॅशे या कामातून ही फाइलसिस्टम वाढवली आणि २०१५ मध्ये जाहीर केली. चेकसम, कॉम्प्रेशन, एन्क्रिप्शन, अनेक डिस्का एकत्र, लिहिताना जुन्या जागेवर न लिहिता नव्या जागी लिहिणं, असं बरंच काही तिच्यात आहे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ६.७ कर्नलमधून ती मुख्य लिनक्समध्ये दाखल झाली, ‘प्रायोगिक’ अशा पाटीसकट. पुढे वाद झाला तो कामाच्या शिस्तीवरून. लिनक्समध्ये नवी वैशिष्ट्यं फक्त सुरुवातीच्या मर्ज विंडोमध्ये घेतात, नंतरच्या आठवड्यांत केवळ दुरुस्त्या. जून २०२५ मध्ये त्या नंतरच्या काळात ओव्हरस्ट्रीट यांनी डेटा वाचवण्याची एक नवी सोय पाठवली. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी ती घेतली, पण पुढच्या फेरीत आपले रस्ते वेगळे होतील असंही सुनावलं. ऑगस्टमध्ये ‘देखभाल बाहेरून’ अशी नोंद झाली आणि ६.१८ मधून कोड काढून टाकला. तो कर्नल ३० नोव्हेंबरला आला, आमची लगीनसराई त्याच्याही आधी तुळशीच्या लग्नापासून सुरू झालेली.

अडकलेल्या वापरणाऱ्याला दुरुस्ती लगेच मिळावी ही ओव्हरस्ट्रीट यांची घाई मला कळते. नियम मोडला तर उद्या प्रत्येकजण मोडेल, हेही कळतं. पण स्टुडिओच्या दृष्टीने यातलं कोण बरोबर याला काही अर्थ नाही. तिथे प्रश्न एकच, उद्या सकाळी डिस्क उघडेल का? आणि तो फाइलसिस्टमच्या गुणांच्या यादीवरून सुटत नाही. ती कोण सांभाळतंय, किती जण सांभाळतायत आणि त्यांचं कर्नलवाल्यांशी जमतंय का, हे पाहावं लागतं. सोसायटी निवडताना आपण नुसत्या लाद्या बघत नाही, कमिटी भांडकुदळ आहे का तेही विचारतो. तशीच चौकशी इथे हवी.

याचं एक उदाहरण आपल्या पुण्यात घडलंय, आणि ते मराठी संगणकवाल्यांनाही फारसं आठवत नाही. सन या कंपनीने आपल्या झेडएफएस या फाइलसिस्टमचा कोड खुला केला, पण त्याचा सीडीडीएल परवाना आणि लिनक्सचा जीपीएल यांचं जुळत नाही, म्हणून झेडएफएस लिनक्सच्या पोटात जाऊ शकत नव्हती. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने वेगळं मॉड्यूल करायला घेतलं. त्यांना महासंगणकाच्या साठवणीसाठी खालचे थर हवे होते, तुम्हाआम्हाला फोल्डर दिसणारा वरचा थर त्यांच्या घाईचा नव्हता. तो उभा केला पुण्याच्या केक्यू इन्फोटेकने, २०१० मध्ये. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी आवृत्ती जाहीर केली. एप्रिलमध्ये एसटेक या कंपनीने केक्यू विकत घेतली आणि झेडएफएसवरचं काम थांबलं. कोड चांगला असूनही थांबलं, कारण पगार देणाऱ्याची गरज बदलली. सुदैवाने कोड खुला होता, तो पुढे लिव्हरमोरच्या कामात मिसळला. तरी फेब्रुवारी २०११ मध्ये ज्याने केक्यूवर विसंबून आपला सर्व्हर चढवला असेल, त्याची दोनच महिन्यांत काय गत झाली असेल ते मला परवा स्टुडिओत उभं राहून नीट कळलं.

म्हणजे कर्नलच्या बाहेर असलेलं सगळं टाळावं का? तसं नाही. ओपनझेडएफएस, म्हणजे झेडएफएसची आजची खुली आवृत्ती, अजूनही बाहेरच आहे आणि मी ती लोकांना बसवून देतो. तिच्यामागे लिव्हरमोर आहे, फ्रीबीएसडी आहे, उबुंटू २०१६ पासून ती सोबत देतं. एक हात गेला तरी दुसरे आहेत. मात्र बाहेरच्या मॉड्यूलची एक शिस्त पाळावी लागते. प्रत्येक आवृत्ती ठरावीक कर्नलांपर्यंतच चालते, २.३.० ही ४.१८ ते ६.१२ पर्यंत. तेव्हा अशा मशीनवर दीर्घ मुदतीचा कर्नल ठेवा, आपोआप अपडेट बंद करा, नवा कर्नल बसवल्यावर रीबूट करण्याआधी ‘डीकेएमएस स्टेटस’ (मॉड्यूल नव्या कर्नलसाठी तयार झालं का ते) बघा आणि जुना कर्नल कधीही पुसू नका. बीकॅशेएफएसही आता याच डीकेएमएसच्या वाटेने मिळते, त्यामुळे ती वापरणाऱ्यांनाही हेच लागू.

दुसरं, नवी आवृत्ती आली म्हणून पूल, म्हणजे झेडएफएसने बांधलेला डिस्कांचा गट, लगेच ‘झेडपूल अपग्रेड’ करू नका. झेडएफएस स्वतःच सुचवते की काही सोयी चालू केलेल्या नाहीत, आणि हात शिवशिवतो. पण काही सोयी वापरात आल्या की जुनी आवृत्ती तो पूल उघडत नाही, आणि माघारीची वाट बंद होते. स्टुडिओ वाचला तो माघारीच्या वाटेनेच.

नोव्हेंबर २०२३ तर प्रत्येकाने लक्षात ठेवावा. ओपनझेडएफएस २.२ मध्ये ब्लॉक क्लोनिंग आलं आणि काही कॉपी केलेल्या फाइलींत मधेच शून्यं भरलेली सापडली. संशय नव्या सोयीवर गेला, २.२.१ मध्ये ती बंद केली. खरा दोष निघाला कितीतरी जुना, नुकत्याच लिहिलेल्या फाइलीतला रिकामा भाग ओळखण्यातला, आणि तो ३० नोव्हेंबरच्या २.२.२ व २.१.१४ मध्ये दुरुस्त झाला. भीती वाटावी अशी गोष्ट ही, की स्क्रबला, म्हणजे चेकसम ताडून बघणाऱ्या तपासणीला, यातलं काहीच दिसत नव्हतं. चुकीचा मजकूर बरोबर चेकसमसह लिहिला गेला होता. म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड उतरवतानाच प्रत्येक क्लिपचा चेकसम वेगळ्या फाइलीत काढून ठेवा, आणि कॉपी झाल्यावर त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय कार्ड रिकामं करू नका. स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. बॅकअपची डिस्क वेगळ्या फाइलसिस्टमवर असू द्या. मी साधी ईएक्सटी४ ठेवतो. २००८ पासून ती कर्नलमध्ये आहे, आणि कंटाळवाणी आहे हाच तिचा मोठा गुण.

स्टुडिओचं काम आता झेडएफएसवर आहे, बॅकअप ईएक्सटी४ वर. मालकांनी मध्यंतरी कुठेतरी वाचलं की जानेवारी २०२५ च्या २.३ पासून चालू रेडझेडमध्ये, म्हणजे झेडएफएसच्या अनेक डिस्कांच्या मांडणीत, एक-एक डिस्क वाढवता येते, आणि पाचवी डिस्क घेऊनही आले. सोय खरोखर चांगली आहे, कित्येक वर्षं लोक तिची वाट बघत होते. पण एकदा वाढवली की ती डिस्क परत काढता येत नाही. डिस्क खोक्यातच ठेवायला सांगितली आहे, मे महिन्यातले मुहूर्त संपेपर्यंत.