काचेच्या घरातील शेजारी

मुलांनो, गप्पी मासे तुम्ही पाहिलेच असतील. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून ते विहिरीत आणि पाण्याच्या टाक्यांत सोडतात. गप्पी अगदी चिमुकला असतो. तुमच्या करंगळीहूनही लहान.

समजा, तुमचे घर महाडला आहे. घरात काचेची एक लहान पेटी आहे आणि तिच्यात दहा गप्पी आहेत. एके दिवशी तुमचे चाचा मुंबईहून येतात. येताना त्यांनी क्रॉफर्ड मार्केटमधून एक नवा मासा आणला आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी आणि त्या पाण्यात दोन इंचांचा एक काळा मासा. अंगावर नारिंगी ठिपके, मोठे डोळे. त्याचे नाव ऑस्कर. तुम्ही आनंदाने त्याला गप्पींच्या पेटीत सोडता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजता, तर गप्पी आठ. तिसऱ्या दिवशी पाच. आठवडा संपतो तेव्हा पेटीत एकटा ऑस्कर उरतो. तो काचेजवळ येतो आणि तुमच्याकडे पाहत राहतो. जणू विचारतो, "आज जेवायला काय?"

आता सांगा, चूक कोणाची? ऑस्करची तर नक्कीच नाही. त्याच्या तोंडात जे मावते ते त्याचे अन्न. त्याला शेजारी आणि जेवण यांतला फरक कळत नाही. तो आपल्याला कळायला हवा. मराठीत 'शेजारी' म्हणतात त्याला तुम्ही घरी 'पडोसी' म्हणता. घराशेजारचा पडोसी आवडला नाही तर माणूस दुसरीकडे राहायला जाऊ शकतो. काचेच्या पेटीतला मासा कोठे जाणार? त्याचा शेजारी आपण निवडतो, आणि तो त्याला निमूटपणे सोसावा लागतो.

ऑस्कर हा सिक्लिड नावाच्या मोठ्या कुळातला मासा आहे. या कुळात दीड हजारांहून अधिक जाती आहेत. दुकानात दिसणारा, त्रिकोणी पंखांचा देखणा एंजल मासाही सिक्लिडच. ऑस्कर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. आफ्रिकेतील मलावी सरोवरात तर सिक्लिडच्या शेकडो जाती राहतात. या कुळातील माशांना तोंडातल्या जबड्याशिवाय घशातही एक जबडा असतो. पुढचा जबडा पकडतो, मागचा चावतो. सिक्लिड आपल्या अंड्यांची आणि पिलांची राखण करतात. हुशार इतके की, खाऊ घालणारा माणूस कोणता हे काही दिवसांत ओळखू लागतात. पण त्यांचा स्वभाव तापट! पेटीतला एखादा दगड, एखादा कोपरा आवडला की तो त्यांचा मुलूख. तेथे दुसऱ्याने पाऊल टाकायचे नाही. पाऊल कसले, पंख टाकायचा नाही.

वर्ष संपत येते. तुमचा ऑस्कर आता वीतभर लांब झाला आहे. लहान पेटीत त्याला नीट वळताही येत नाही. पूर्ण वाढलेला ऑस्कर एक फुटापर्यंत जातो. म्हणून चाचा म्हणतात, "मोठी पेटी घेऊ आणि त्याला सोबतीही आणू." तुम्ही टाळ्या वाजवता. पण थांबा, आधी थोडे गणित करू.

पेटी १२० सेंटीमीटर लांब, ४५ सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर उंच घेतली, तर तिच्यात किती पाणी मावेल? तिन्ही आकड्यांचा गुणाकार करा. २,४३,००० घन सेंटीमीटर, म्हणजे २४३ लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. नुसत्या पाण्याचेच वजन जवळजवळ अडीच क्विंटल झाले! काच आणि वाळू वेगळी. अभ्यासाच्या टेबलावर ही पेटी ठेवली, तर टेबलाचे काय होईल ते सांगायला नको. आणि एवढे पाणी मोठ्या ऑस्करला एकट्याला लागते. सोबती आणायचे तर पेटी याहून मोठी हवी. मासे खातात तशी घाणही करतात. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषासारखा असतो. पेटी नवी असली, की हा अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आज पेटी आणली आणि उद्या ती माशांनी भरली, असे कधीही करू नये.

आता सोबती कोण? पहिला नियम तुम्ही गप्पींचे हाल पाहून शिकलाच आहात. जो तोंडात मावतो, तो सोबती नव्हे. पण आज मावत नाही म्हणून उद्याही मावणार नाही, असे समजू नका. दुकानात सगळेच मासे पिल्ले असतात. तेथे ऑस्कर आणि निऑन टेट्रा एकाच काचेत सुखाने पोहताना दिसतील. निऑन मोठा होऊन दीड इंचाचा होतो आणि ऑस्कर फूटभर. म्हणून दुकानदाराला किंमत विचारण्याआधी विचारा, "हा मासा मोठेपणी केवढा होतो?"

बरे, मग गोल्डफिश चालेल का? तो तर चांगला मोठा होतो! नाही चालणार. गोल्डफिशला थंड पाणी मानवते. ऑस्करला २४ ते २८ अंश सेल्सियसचे कोमट पाणी हवे. एकाला सुख द्यावे तर दुसऱ्याला त्रास. शिवाय गोल्डफिश संथ आणि गुबगुबीत असतो. ऑस्कर त्याचे लोंबते पंख कुरतडतो. एंजल मासा सिक्लिड असला, तरी त्याचेही तेच. लांब पंख आणि हळू चाल. एकाच कुळातले आहेत म्हणून दोघांचे जमेल असे नाही. आफ्रिकेतील सरोवरांचे सिक्लिड तर मुळीच आणू नका. त्यांना क्षार असलेले जड पाणी लागते. ॲमेझॉनचे पाणी हलके असते. पाणीच जुळत नाही, तर शेजार कसा जुळणार?

ऑस्करबरोबर चालणारे मासेही आहेत. सिल्व्हर डॉलर नावाचा रुपयासारखा गोल, चकचकीत मासा चालतो. तो दक्षिण अमेरिकेचाच. हाताच्या पंज्याएवढा होतो, चपळ असतो आणि कोणाच्या वाटेला जात नाही. मात्र तो एकटा घाबरतो. पाच-सहांचा घोळका लागतो. पेटीत पाणवनस्पती लावल्या असतील तर त्यांची आशा सोडा, कारण तो त्या खाऊन टाकतो. सेव्हरम नावाचा शांत सिक्लिडही ऑस्करजवळ बहुधा नांदतो. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा असतो. एक ऑस्कर सोबत्यांबरोबर वर्षानुवर्षे राहतो, दुसरा कोणालाच जवळ येऊ देत नाही. मला विचाराल, तर लहान घरात ऑस्कर एकटाच बरा. त्याला कंटाळा येऊ नये म्हणून सोबती हवेत, असे चाचांना वाटते. पण ते चाचांना वाटते, ऑस्करला नव्हे. फ्लॉवरहॉर्न नावाचा कपाळावर टेंगूळ असलेला मासाही दुकानात मिळतो. तो माणसांनी संकर करून तयार केला आहे. तो तर बहुतेक वेळा एकटाच ठेवावा लागतो.

समजा, तुमच्या वर्गातील एका मित्राचे गाव उमरठ आहे. पोलादपूर तालुक्यातील, डोंगरांच्या कुशीतले हे गाव. नरवीर तानाजी मालुसरे यांचे हे गाव म्हणून सारा महाराष्ट्र ते ओळखतो. १६७० मध्ये सिंहगडाच्या लढाईत तानाजी धारातीर्थी पडले. त्यांची समाधी उमरठला आहे. तुमचा मित्र म्हणतो, "तुझा ऑस्कर मला दे. आमच्या घरी खूप जागा आहे." जागा आहे हे खरे. पण आणखी काही गोष्टी पाहायला हव्यात.

डोंगरात पाऊस फार. पावसाळ्यात वाऱ्याने झाडे पडतात आणि वीज जाते. वीज गेली की पाण्यात हवा सोडणारा पंप बंद, पाणी गाळणारे यंत्रही बंद. मोठ्या माशांनी भरलेल्या पेटीत मग हवा कमी पडते आणि मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. अशा गावी पेटीत जितके मासे कमी, तितके ते सुरक्षित. एरवी तीन सोबती चालतील असे वाटले, तर तेथे एकच ठेवावा. थंडीत डोंगरातली रात्र गार असते, म्हणून पाणी कोमट ठेवणारा हीटर लागेल. तोही विजेवरच चालतो. पाण्याचा विचार केला, तर एक सोय आहे. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन घातलेले नसेल, तर ते लगेच वापरता येते. महाडला नळाचे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवावे लागेल, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाईल. विहिरीत औषध टाकले असेल, तर मात्र तेथेही थांबावे लागेल.

मित्र हे सर्व ऐकतो आणि हळूच म्हणतो, "मग ओढ्यात सोडू या की. तेथे त्याला सोबतीच सोबती मिळतील!"

नाही, ही गोष्ट कधीही करू नका. सह्याद्रीतील ओढ्यांत आपले स्वतःचे मासे आहेत. त्यांतलाच एक डॅनिओ. लांबट, चपळ, अंगावर निळ्या-पिवळ्या रेघा. जगभरचे हौशी लोक हा मासा मध्यम आकाराच्या, लाजऱ्या सिक्लिडबरोबर ठेवतात. त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. डॅनिओ पाण्याच्या वरच्या थरात बेफिकीर पोहत राहतो. दगडाआड लपलेला सिक्लिड ते पाहतो आणि समजतो, 'हा निर्धास्त आहे, म्हणजे धोका नाही.' मग तोही बाहेर येतो. पण हाच डॅनिओ फूटभर ऑस्करसमोर आला, तर ऑस्करचा घास होईल. ओढ्यात त्याला वाचवायला कोण येणार? ओढ्याचे पाणी पुढे सावित्री नदीला मिळते. उन्हाळ्यात ओढा आटला, तर ऑस्कर तडफडून मरेल. आटला नाही, तर तो आपल्या माशांना खाईल. दोन्हींपैकी काहीही झाले, तरी वाईटच.

बाहेरचा मासा आपल्या पाण्यात आला की काय होते, हे पाहायला फार लांब जायला नको. आफ्रिकेचा तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तोही सिक्लिडच. आपल्याकडे लोक त्याला चिलापी म्हणतात. लोकांना स्वस्त मासळी मिळावी हा हेतू चांगला होता. पण चिलापी भराभर वाढतो आणि मूळच्या माशांची जागा व अन्न घेतो. उजनीच्या जलाशयात तो आता ढीगभर सापडतो. पेटीची काच साफ करतो म्हणून जो सकर मासा विकतात, त्याचेही तसेच. तो वाढून फूट-दीड फूट होतो. मग लोक त्याला तळ्यात टाकतात. कोलकात्याच्या पाणथळ जागांत आणि केरळच्या नद्यांत तो पसरला आहे. तो कोळ्यांची जाळी फाडतो. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तेथील महसीर मासे लोक श्रद्धेने धरत नाहीत, उलट त्यांना खाऊ घालतात. ते पाणी काळ नदीतून सावित्रीलाच येते. त्या पाण्यात आपण परका मासा सोडणार का?

मग नको झालेल्या ऑस्करचे काय करायचे? ज्या दुकानातून आणला तेथे परत द्यावा किंवा मोठी पेटी असलेल्या माणसाला द्यावा.

आपल्या देशाचेही सिक्लिड आहेत बरे का! गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात तो त्यांतलाच. केरळात त्याला करीमीन म्हणतात. २०१० मध्ये केरळने त्याला आपला राज्यमासा ठरवले. खाडीच्या मचूळ पाण्यात त्याच्याबरोबर त्याचा एक छोटा, नारिंगी भाऊबंद राहतो. १९७० च्या दशकात अभ्यासकांनी श्रीलंकेत या दोघांचा शेजार पाहिला. नारिंगी मासा कालुंदरच्या पिलांच्या अंगावरचे, पंखांवरचे किडे आणि बुरशी टिपून खात होता. पिल्ले त्याच्यापुढे अंग ताणून स्थिर उभी राहत होती, न्हाव्यापुढे बसावे तशी! पण हाच नारिंगी मासा संधी मिळाली, की कालुंदरची अंडीही पळवून खातो. म्हणून कालुंदर अंड्यांजवळ आला, की त्याला हाकलतो. एकच शेजारी, सकाळी न्हावी आणि दुपारी चोर. पेटीत मासे अंडी घालू लागले, की असेच होते. कालपर्यंतची दोस्ती संपते. त्या वेळी एक जादा काच जवळ ठेवा. ती मध्ये उभी लावली, म्हणजे एका घराची दोन घरे होतात.

आता नवा सोबती पेटीत कसा सोडायचा, ते पाहा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे आतले व बाहेरचे पाणी सारखे गरम होईल. मग पिशवीत पेटीचे थोडे थोडे पाणी घाला. तोपर्यंत जुन्या माशाला भरपूर खाऊ द्या. पोट भरलेला मासा कमी भांडतो. पेटीतले दगड हलवून दुसरीकडे मांडा. जुन्या माशाला आपला कोपरा सापडत नाही, आणि मग तो व पाहुणा दोघेही नवखे होतात. दोन्ही मासे नवे असतील, तर गरीब स्वभावाचा आधी सोडा आणि तापट त्यानंतर काही दिवसांनी. हे काम संध्याकाळी करावे. मासा सोडला की पेटीवरचा दिवा बंद करा आणि लांब बसून पाहा. थोडा पाठलाग होईल, त्याला घाबरू नका. एखादा मासा सारखा कोपऱ्यात दडत असेल, त्याचे पंख फाटत असतील, तर मात्र त्याला त्याच रात्री वेगळ्या भांड्यात काढा.

आणि सकाळी उठल्यावर आधी मासे मोजा.